किटलीला आलेला घाम

गार ठेवणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. पलूसजवळ आमची द्राक्षबाग आहे. माल तोडला की कोल्ड स्टोरेजला जातो आणि भाव येईपर्यंत तिथं पडून राहतो. पेटी कशी भरायची, थंड हवा फिरायला जागा किती ठेवायची, बाहेर काढलेली पेटी लगेच का उघडायची नाही, हे सगळं मला येतं. त्यामुळं गारव्यातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. तो समज कोयनेच्या काठावर एका दुधाच्या किटलीनं उतरवला.

मार्च सरत आला की तोडणी उरकलेली असते आणि एप्रिलची छाटणी लागायची असते. मधल्या त्या मोकळ्या आठवड्यात मी आणि माझा एक मित्र दरवर्षी सहा दिवस तंबू ठोकून राहतो. मित्र उंब्रजचा. कराडला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत होतो. पुढं तो फौजेत गेला, सुभेदार होऊन परत आला, आणि आता गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मीही सुभेदारच म्हणतो. त्याच्या मेहुण्याचं थोडं पडीक रान कोयना धरणाच्या पाण्याला लागून आहे. तिथं वीज नाही, दुकान नाही. वरच्या अंगाला गवळी धनगरांची चार घरं आहेत, तिथं दूध मिळतं. आम्ही तिथं काय करतो, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही, कारण आम्ही काहीच करत नाही.

सहा दिवसांच्या मुक्कामात एकच काम खरं अवघड असतं, ते म्हणजे नाशवंत जिन्नस टिकवणं. पहिल्या वर्षी आम्ही बर्फाचा चुरा भरून नेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दूध फाटलं. मग शिकत गेलो. चुरा नाही, लादी घ्यायची. मोठा तुकडा सावकाश वितळतो. बर्फाचा डबा आदल्या दिवशीच गार करून ठेवायचा, नाहीतर निम्मा बर्फ डबाच खातो. आत मोकळी जागा ठेवायची नाही, वर्तमानपत्रं कोंबायची. वितळलेलं पाणी लगेच ओतायचं नाही, तेही गारच असतं. वर ओलं पोतं टाकायचं आणि सावली सरकेल तसा डबा सरकवायचा. झाकण दिवसातून दोनदाच उघडायचं. हा शेवटचा नियम सुभेदाराचा. एकदा मला एका लिंबासाठी दोन तास थांबावं लागलं. "टाइम झाला न्हाई अजून," एवढंच म्हणाला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

डबे दोन असायचे. लाल सुभेदाराचा, पांढरा माझा. त्याच्यात मटण, अंडी. माझ्यात दूध, दही, श्रीखंड, भाज्या. आम्ही जैन. मी काही फार कडक नाही. फ्रिजमधलं खातो, लग्नात आइस्क्रीम पुढं आलं तर नको म्हणत नाही. पण मांसाला लागलेलं भांडं आमच्या घरात येत नाही. इतक्या वर्षांत सुभेदारानं कधी माझा पांढरा डबा उघडला, तर आधी साबणानं हात धुतले. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या वडिलांचं मात्र वेगळं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आई गेल्यानंतरच्या चातुर्मासात गावातल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराज मुक्कामाला होते, त्यांच्यापुढं आप्पांनी नियम घेतले आणि पुढं एकेक वाढवत नेले. दिवस बुडल्यावर अन्नपाणी नाही. पाणी गाळलेलं आणि उकळलेलं. आंबून गेलेलं काही नाही, दही-ताकही ताजंच हवं. बर्फ नाही आणि बर्फाला लागलेलंही नाही. बर्फात असंख्य जीव असतात, असं आमच्यात मानतात. ज्याची द्राक्षं महिनाभर थंडीत झोपतात त्यानं बर्फाला शिवायचं नाही, याची मी एकदा थट्टा केली होती. आप्पा म्हणाले, "द्राक्षानं नियम घेतल्याला न्हाई. मी घेतलाय."

इतकं सगळं सोडलेल्या माणसाची एक चैन उरली होती. दुपारी एकच्या सुमाराला तांब्याभर ताक. घरी ते सकाळी घुसळून मातीच्या मडक्यात, रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवलेलं असायचं. ते पिताना आप्पा डोळे मिटायचे. त्यांना आणखी कशासाठी डोळे मिटताना मी पाहिलेलं नाही, देवापुढंसुद्धा ते उघडे ठेवतात.

दरवर्षी मी गाडी भरायला लागलो की आप्पा ओट्यावर बसून बघायचे. एका वर्षी त्यांनी विचारलं, "तितं काय करता रं तुमी?"

"काय न्हाई. बसतो."

"सा दिवस?"

"व्हय."

ताकाला जाऊन भांडं लपवायची आप्पांना सवय नाही. ते सरळ म्हणाले, "मग मलाबी न्या. मी कवा बसलोच न्हाई."

हे खरं होतं. पन्नास वर्षं त्यांनी बाग केली आणि बागेत माणूस उभा असतो किंवा वाकलेला असतो. मी हो म्हणालो. सुभेदाराला फोन करून सांगितलं, या खेपेला माझा पांढरा डबा आणत नाही. आप्पा आहेत, त्यांच्यासमोर दुसरा डबा बर्फानं भरून कशाला न्यायचा? दूध वरच्या वस्तीतून रोज आणू, ताक रोज ताजं करू, आणि गार ठेवायला अख्खं धरण समोर आहे. सुभेदार म्हणाला, "बघ बाबा. तू मालक." लाल डबा त्यानं आणला, पण तंबूच्या मागं, आप्पांच्या नजरेआड ठेवला.

पोचलो त्याच संध्याकाळी, दिवस असताना, मी दूध तापवून विरजण लावलं. पहिल्या दिवशी सकाळी ताक घुसळलं, किटलीत भरलं, झाकण लावलं आणि काठावर गुडघाभर पाण्यात दगडांच्या मध्ये ठेवलं. दुपारी एकला काढलं तेव्हा किटली हाताला कोमट लागली. धरणाचं पाणी वाहत नाही. काठचं उथळ पाणी उन्हानं तापतं, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. आप्पांनी नुसता वास घेतला. "आंबलं," म्हणाले आणि झाडाच्या बुंध्याशी ओतून आले. मग ते उकळून निवलेलं पाणी प्यायले. तेही निवलेलं म्हणायचं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी किटलीला ओलं फडकं गुंडाळून ती काठावरच्या करंजाच्या फांदीला टांगली. वारा नव्हता. पाण्याजवळची हवा दमट, फडकं सुकेचना. सुकल्याशिवाय ते गारवा देत नाही. एक वाजता परत तेच. आप्पांचं तोंड उतरलं होतं. ऊन त्यांना नवं नव्हतं. बसणं नवं होतं आणि बसलेल्या माणसाला ऊन जास्त लागतं. जेवताना म्हणाले, "उद्या माघारी जायचं का? तुमी ऱ्हावा, मला यष्टीत बसवा."

मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. कंटेनरभर माल गार ठेवणाऱ्या माणसाला तांब्याभर ताक गार ठेवता येईना, आणि तेवढ्यासाठी बाप आयुष्यातली पहिली सुट्टी तिसऱ्या दिवशी सोडून चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन तंबूच्या मागं गेलो. सुभेदार तिथंच भांडी घासत होता. आदल्या दिवशी त्याचं मटण संपलं होतं आणि लाल डबा त्यानं राखेनं, साबणानं धुतला होता. बर्फ अजून निम्मा शिल्लक होता, तो त्यानं धुऊन परत आत ठेवला होता. मी झाकण उघडलं.

"आरं, काल त्यात मटण हुतं," सुभेदार म्हणाला.

"धुतलाय न्हवं?"

"धुतलाय. पन आप्पांचं हाय ते."

मी किटली बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवली आणि झाकण लावलं. सुभेदार भांडी घासत राहिला. एकच ताट बराच वेळ घासत होता.

एकच्या आधी मी किटली काढली, बाहेरून पुसली, तिच्या कानाला दोरी बांधली आणि दोरी धरणाच्या पाण्यात भिजवून आणली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढी अक्कल मला आहे. आप्पांच्या तांब्यात ताक ओतलं. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले.

"कशानं गार झालं रं?"

"खोल सोडली हुती. दोरीनं. तळाला पानी गार असतंय."

त्यांनी ओल्या दोरीकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि तांब्या रिकामा केला. मला फार बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही, मला खरोखरच बरं वाटलं.

किटली त्यांच्याजवळच होती. त्यांनी सहज खांद्यावरच्या पंच्यानं ती पुसली आणि सावलीत ठेवली. थोड्या वेळानं तिच्यावर पुन्हा बारीक थेंब जमले. आप्पांनी पुन्हा पुसली. पुन्हा थेंब आले. ते बघत बसले. मीही बघत होतो, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. थंडीतून काढलेल्या मालाला बाहेर घाम येतो आणि घाम आला की घड खराब होतो, म्हणून पेटी लगेच उघडायची नाही, हे मला शिकवलं होतं ते आप्पांनीच. मी तेव्हा विशीत होतो आणि त्यांनी अशीच एक पेटी पुसून पुसून दाखवली होती.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज उपास हाय." मी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून बघितलं. अष्टमी नव्हती, चतुर्दशीही नव्हती. पाचव्या दिवशी मी पुन्हा ताक केलं. आप्पा म्हणाले, "माझ्यासाठी नगो." पण माघारी जायचं त्यांनी परत काढलं नाही. उरलेले दिवस ते टेकडीच्या कडेला, पाण्याकडं तोंड करून, पाय लांब करून बसले.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं नेहमीप्रमाणं दुपारी तांब्या पुढं ठेवला. आप्पांनी तो हातानं बाजूला सारला. "ताक सोडलंय."

"कधी?" तिनं विचारलं.

"धरणावर."

आमच्यात कुणी काही सोडलं की कारण विचारत नाहीत. सोडणाऱ्याचा मान ठेवायचा, एवढंच. बायकोला वाटलं, शांत जागी गेल्यावर मन वळलं असेल. तिनं शेजारणीलाही तसं कौतुकानं सांगितलं. आठ-दहा दिवस ती विसरून तांब्या ठेवायची, मग तेही थांबलं. वाळूतलं मडकं रिकामं झालं. वर्षभर मी रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून जेवलो आणि रोज मला लाज वाटली. बर्फाबद्दल त्यांना कळलं होतं, हे त्या उपासावरून मला कळलं होतं. पण ते विचारेनात आणि मी सांगेना.

पुढच्या फेब्रुवारीत मी बागेत प्रयोग सुरू केले. तोडणीला आलेली माणसं हसायची. चार मडकी आणली, कोणतं चांगलं पाझरतं ते पाहिलं. ओलं पोतं, ओली वाळू, सावली, वारा, सगळ्यांची जागा बदलून पाहिली. कोल्ड स्टोरेजच्या माणसानं मडक्यात रोज हात बुडवून बघणं, हा काही शोभणारा देखावा नव्हता. त्यातून इतकंच कळलं की गारवा पाण्याजवळ नसतो, वाऱ्यात असतो. आणि रात्रीचा गारवा साठवता येतो. मडकं रात्रभर उघड्यावर ठेवायचं, उजाडता उजाडता आत आणायचं आणि घोंगडीत गुंडाळून सावलीत पुरायचं.

मार्चमध्ये मी निघायची तयारी करायला लागलो. आप्पा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आपली पिशवी भरून ओट्यावर बसले होते.

उंब्रजला सुभेदार गाडीत बसला तेव्हा त्याच्याकडं लाल डबा नव्हता. म्हणाला, "बिजागरी तुटली." पण त्याच्या अंगणात तो डबा मी पाहिला होता. त्यात माती भरून कोथिंबीर पेरली होती. सहा दिवस त्यानं आमच्याबरोबर भाकरी-पिठलं खाल्लं आणि वर म्हणाला की डॉक्टरनं सांगितलंय.

मी मडकं काठावर नेलं नाही. वरच्या टेकडीच्या धारेवर एक जांभळीचं झाड आहे, तिथं दोन्ही बाजूंनी वारा येतो. तिथं खड्डा काढला, वाळू भरली, वाळू भिजवली. दिवस असताना उकळलेलं पाणी मडक्यात भरलं, रात्री उघड्यावर ठेवलं, पहाटे घोंगडीत गुंडाळून वाळूत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तांब्या भरून आप्पांना दिला. पाणी गार होतं. बर्फासारखं नाही, पण दाताला जाणवेल इतकं.

आप्पा सावकाश प्यायले. मी वाट बघत होतो. कशानं गार झालं, हे त्यांनी विचारावं, असं मला फार वाटत होतं. यंदा खरं उत्तर तयार होतं; मडकं, वाळू, घोंगडी, सगळं दाखवता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मग मीच म्हणालो, "आप्पा, गेल्या वर्साचं ताक..."

"बर्फातलं हुतं. ठावं हाय."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? किटलीच बोलली. पुसली की घाम, पुसली की घाम." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "बर्फाचा एक उपास केला. मी काय मागून खाल्लं न्हवतं. फिटलं ते तितंच."

"मग ताक का सोडलं?"

"तू पंचावन वर्साचा मानूस. बागायतदार. गावात तुज्या शब्दावर गाडी भरतीया. आनि तू दोरी भिजवून आनलीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माज्या जिभेला ताक गोड लागतंय म्हनूनच न्हवं? आवड माजी हुती. ती न्हाई ठेवली."

आप्पांनी तांब्या पुढं केला. "घाल अजून. चांगलं गार हाय."

मी पाणी घातलं आणि रिकामी बादली घेऊन टेकडी उतरलो. खाली सुभेदार चुलीपाशी होता. त्यानं माझं तोंड बघितलं.

"सांगितलंस?"

"बर्फाचं सांगितलं."

"आनि डब्याचं?"

मी मागं वळून पाहिलं. वर जांभळीखाली आप्पा दिसत होते. पाठ टेकलेली, पाय लांब केलेले, तांब्या मांडीवर, डोळे मिटलेले. सुभेदारानंही तिकडं पाहिलं आणि परत चुलीतलं लाकूड सारखं करायला लागला.

लाल डब्यात आदल्या दिवशी काय होतं, ते आप्पांना अजून माहीत नाही. सांगायला हवं, हे मला कळतं. पण चूक माझी निघाली की स्वतःला जे आवडतं ते सोडायचं, अशी त्यांची रीत आहे. आणि आता त्यांना त्या टेकडीवर काही न करता बसायला आवडतं.